निंबोळी गोचिडीच्या पोटात काय करते

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात पाली येतं. बिंदुसरा धरणाचं पाणी, भोवती बालाघाटचे माळ आणि त्या माळांवर कुणी न लावलेली, न राखलेली सीताफळाची झाडं. बांधावर कडुनिंब, ओढ्याकाठी करंज, उकिरड्याजवळ एरंड, गायरानात घाणेरी. गोचिडीवरच्या संशोधनात ज्या वनस्पतींची नावं पुन्हापुन्हा येतात, त्यांतल्या बऱ्याचशा या मुलखात गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर उगवतात.

गोचिडीही तितक्याच जवळ असतात. पाऊस पडून जमिनीत ओल आली की गाईच्या मानेखालच्या पोळीत, कासेजवळ, शेपटीच्या मुळाशी आणि कानाच्या आत त्या दिसू लागतात. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचे बैल दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे जातात, तेव्हा अंगावरच्या गोचिडीही सोबत जातात. येताना तिकडच्या घेऊन येतात. एका गावानं गोठे साफ केले म्हणून गोचीड संपत नाही, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

यावर झाडपाल्याचा उपाय केला की तक्रार ठरलेली असते. "चार दिस झाले निंबोळीचं तेल लावून, गोचिडी हायत तिथंच." तक्रार खोटी नसते. गोचीड खरोखर तिथंच लटकलेली असते. म्हणून तेल बाजूला पडतं आणि दुकानातून विषाची बाटली येते. माझं म्हणणं असं की, इथं मोजमापच चुकलेलं असतं. वनस्पतीतली अनेक रसायनं गोचिडीला जागच्या जागी पाडत नाहीत. ती तिच्या शरीरात शिरून एकेका अवयवाची वाट लावतात, आणि सगळ्यात मोठा घाव बसतो तो अंडाशयावर. तो घाव बाहेरून दिसत नाही. तो बघायचा तर गोचीड आतून कशी आहे हे आधी समजून घ्यावं लागेल.

पहिली गोष्ट म्हणजे गोचीड हा कीटक नाही. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ पाय असतात. ती कोळी आणि विंचू यांच्या गोतातली. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात, म्हणून पुष्कळांची गल्लत होते. आपल्या गाईगुरांवर मुख्यतः दोन प्रकार आढळतात. एक ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, जिचं जुनं नाव बूफिलस. दुसरी हायलोमा, लांब पट्टेदार पायांची आणि चपळ. मायक्रोप्लस पिल्लू असताना एकदा जनावरावर चढली की सुमारे तीन आठवडे तिथंच राहते, तिथंच कात टाकते, तिथंच मोठी होते. शेवटच्या एखाद्या दिवसात मादी झपाट्यानं रक्त ओढते. तिचं वजन शंभरपटीच्या घरात वाढतं आणि करड्या, तुकतुकीत, फुगलेल्या रूपात ती एरंडाच्या बीसारखी दिसू लागते. मग ती जनावर सोडून खाली पडते, भेगेत किंवा शेणाखाली शिरते, दोन ते तीन हजार अंडी घालते आणि मरते. आयुष्यात एकदाच.

अशी फुगलेली मादी भिंगाखाली उघडली तर आत सगळीकडे एक द्रव भरलेला दिसतो. त्याला हिमोलिम्फ म्हणतात. गोचिडीला आपल्यासारख्या रक्तवाहिन्यांचं जाळं नसतं. सगळे अवयव या द्रवातच बुडालेले असतात. वनस्पतीचं रसायन एकदा कातडीतून किंवा चौथ्या पायामागच्या श्वासछिद्रांतून आत शिरलं की याच द्रवातून प्रत्येक अवयवापर्यंत पोचतं. कातडीवर मेणाचा थर असतो. नुसता पाण्यातला काढा त्यावर फारसा टिकत नाही, पण तेलात विरघळणारी द्रव्यं त्यातून पार होतात. निंबोळी आणि करंज यांच्या तेलाचा परंपरेनं वापर झाला, त्यामागे हेही एक कारण असावं.

आत सगळ्यात जास्त जागा व्यापतं ते आतडं. फांद्या फुटलेलं, काळपट लाल, रक्तानं ठासून भरलेलं. डासाच्या पोटात रक्त पोकळीतच पचतं. गोचिडीचं तसं नाही. तिच्या आतड्याच्या पेशी रक्ताचा एकेक घास स्वतःच्या आत ओढून घेतात आणि तिथं पचवतात. त्यामुळे त्या पेशी बिघडल्या की पोट रक्तानं भरलेलं असूनही मादी उपाशी राहते.

दोन बाजूंना दोन लाळग्रंथी असतात, घोसात लगडलेल्या सूक्ष्म पिशव्यांच्या. गोचिडीला रक्तातली प्रथिनं हवी असतात, एवढं पाणी नको असतं. प्यायलेल्या रक्तातल्या पाण्याचा सुमारे ७० टक्के भाग ती लाळेवाटे परत गाईच्याच अंगात सोडते. त्याच लाळेत रक्त गोठू न देणारी आणि गाईची खाज-वेदना दाबणारी द्रव्यं असतात. आणि त्याच लाळेतून रोग येतो. हायलोमाच्या लाळग्रंथीत थायलेरियाचे परजीवी वाढतात आणि चावल्यानंतर काही दिवसांनी गाईच्या शरीरात उतरतात. संकरित गाई त्यामुळे येणाऱ्या तापानं फार लवकर खचतात. लाल कंधारी, देवणी यांसारखी आपली जनावरं तुलनेनं तग धरतात.

मेंदू म्हणावा तर एकच गोळा. चेतापेशींचे सगळे पुंज एकत्र होऊन तो बनलेला असतो आणि अन्ननलिका थेट त्याच्या मधून जाते.

आणि अंडाशय. ते एकच असतं, घोड्याच्या नालेसारखं वळलेलं, नळीसारखं. त्याच्या भिंतीला बारीक देठांनी अंडपेशी चिकटलेल्या असतात. लहान, पारदर्शक, नुकत्या सुरू झालेल्यांपासून तपकिरी, टपोऱ्या, पीतकानं भरलेल्यांपर्यंत सगळ्या वयाच्या एकाच वेळी. रक्तातून आलेली प्रथिनं आतड्यातून हिमोलिम्फमध्ये, तिथून अंडपेशीत जातात आणि पीतक म्हणून साठतात. हे सगळं चालू करणारा हुकूम असतो एक्डायसॉन जातीच्या संप्रेरकाचा. बहुतेक कीटकांत अंडी पिकवण्यात ज्युव्हेनाइल हॉर्मोन या दुसऱ्या संप्रेरकाचा मोठा हात असतो. गोचिडीत ते सापडलेलंच नाही. कपाशीवरच्या अळीचं ज्ञान जसंच्या तसं गोचिडीला लावता येत नाही, ते यामुळे.

या अंडाशयाला रोगाच्या दृष्टीनंही महत्त्व आहे. १८९३ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी दाखवून दिलं की गुरांचा टेक्सास ताप गोचिडीमुळे पसरतो. अष्टपाद किंवा कीटक रोग पोचवतात याचा हा अगदी सुरुवातीचा भक्कम पुरावा. हाच आपल्याकडचा लाल लघवीचा रोग, बबेसिओसिस. त्याचा परजीवी मादीच्या आतड्यातून अंडाशयात शिरतो आणि अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. म्हणजे आजारी गाईचं रक्त प्यायलेली एक मादी मरून गेल्यावरही तिची पिल्लं तो रोग दुसऱ्या गाईला देतात. अंडाशय बिघडवणारं कोणतंही द्रव्य म्हणून दुहेरी कामाचं ठरू शकतं.

आता कडुनिंब. निंबोळीच्या बीच्या मगजात असलेल्या द्रव्यांपैकी अझाडिरॅक्टिन सर्वांत गाजलेलं. १९६८ साली ते वेगळं काढलं गेलं, त्याची खरी रचना नक्की व्हायला १९८५ साल उजाडलं आणि प्रयोगशाळेत ते घडवायला स्टीव्हन ले यांच्या चमूला २२ वर्षं लागली. ते काम २००७ मध्ये पूर्ण झालं. इतकं गुंतागुंतीचं रसायन बांधावरचं झाड दर उन्हाळ्यात तयार करतं. हा रेणू एक्डायसॉनच्या कारभारात ढवळाढवळ करतो. कीटकात त्यामुळे कात टाकणं अडतं. गोचिडीत काय होतं, ते ब्राझीलमधल्या रियो क्लारो इथं साओ पाउलो राज्य विद्यापीठात मारिया इझाबेल कामार्गो-माथियास यांच्या गटानं अनेक वर्षं बारकाईनं पाहिलं. ब्राझीलचा संबंध आपल्याला परका वाटायला नको. तिथली गुरं मोठ्या प्रमाणात गीर, ओंगोल, कांकरेज या भारतीय वंशांतून आलेली आहेत. मायक्रोप्लस गोचीडही मूळची आपल्याच बाजूची. आशियातली गुरं जगभर गेली, तशी तीही गेली.

त्यांनी कुत्र्यांवरच्या तपकिरी गोचिडीच्या अर्धवट रक्त प्यायलेल्या माद्या घेतल्या. ही गोचीड मायक्रोप्लसच्याच प्रजातीतली. या माद्यांवर अझाडिरॅक्टिनचं प्रमाण मोजून ठरवलेल्या निंबोळी तेलाचा प्रयोग केला, मग अवयव काढून, त्यांचे अतिशय पातळ काप घेऊन, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. निरोगी अंडपेशी गोल असते. आत पीतकाचे कण सारखे पसरलेले, मधे स्पष्ट केंद्रक, भोवती अखंड कवच. तेल लागलेल्या मादीच्या अंडपेशी वाकड्या झालेल्या होत्या. आत रिक्तिका, म्हणजे पोकळ फुगे, जागोजागी उठले होते, केंद्रक बिघडलं होतं, पीतक विस्कटलं होतं. तेलाची तीव्रता वाढवली तसा बिघाडही वाढत गेला. लाळग्रंथी, कातडी आणि आतडं यांतही मोडतोड आढळली. अशा कित्येक माद्या बाहेरून जिवंतच होत्या. पाय हलवत होत्या.

पालीच्या गोठ्यातली "तिथंच हाय" ती हीच गोचीड. ती गाईवर लटकलेली आहे म्हणजे औषध वाया गेलं, असं तिच्याकडे बघून ठरवता येत नाही.

इतर तेलांचीही अशीच परीक्षा झाली आहे. एरंडेलातल्या रिसिनोलेइक आम्लापासून बनवलेल्या एस्टरांनी गोचिडीच्या लाळग्रंथी वेळेआधीच झडू लागतात असं याच गटाला दिसलं. लाळग्रंथी झडली की पाणी बाहेर टाकण्याची सोय बंद, म्हणजे रक्त पिणंच अडतं. ॲमेझॉनच्या जंगलातलं अँडिरोबा हे कडुनिंबाच्याच कुळातलं झाड. त्याच्या तेलानं अंडाशयाबरोबर चेतापुंजावरही परिणाम दाखवला. ओव्यातलं थायमॉल चेतासंस्थेवर काम करतं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. एका वनस्पतीत एकच विष नसतं. अनेक द्रव्यं एकाच वेळी अनेक अवयवांवर हल्ला करतात.

याचं मोल कळायला रासायनिक औषधांची गत बघावी. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही औषधं मुळात एका फुलझाडातल्या पायरेथ्रिनवरूनच माणसानं घडवली. ती चेतापेशीच्या सोडियमच्या एका द्वारावर बोट ठेवतात. ते द्वार गोचिडीनं जरासं बदललं की औषध बोथट. भारतात अनेक ठिकाणच्या मायक्रोप्लस गोचिडींत या औषधांना प्रतिकार आल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे. दुकानदार मात्रा वाढवायला सांगतो, शेतकरी वाढवतो, आणि ज्या गोचिडी वाचतात त्यांचीच पिल्लं पुढच्या पावसाळ्यात येतात.

सीताफळाबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा गर बाजारात जातो आणि काळ्या बिया ढिगानं उरतात. बियांत ॲसिटोजेनिन जातीची द्रव्यं असतात. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातला पहिलाच टप्पा ती बंद पाडतात. टप्पा बंद, की पेशीला इंधन असूनही ऊर्जा नाही. ज्या अवयवाला काम जास्त तो आधी कोलमडतो. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये सीताफळ आणि कडुनिंब या दोन्हींचे अर्क मायक्रोप्लस गोचिडीवर शेजारीशेजारी तपासले आणि प्रयोगशाळेत दोन्ही परिणामकारक ठरले.

पण मायटोकॉन्ड्रिया गोचिडीत असतात तसे माशांत, वासरात आणि आपल्यातही असतात. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावली आणि ती डोळ्यांत गेली, बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला इजा झाली, असे रुग्ण भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी वारंवार नोंदवले आहेत. वेस्ट इंडीजमधल्या ग्वादलूप बेटावर सीताफळाच्याच कुळातल्या एका फळाचं आणि पानांच्या काढ्याचं दीर्घ सेवन आणि कंपवातासारखा विकार यांचा संबंध १९९९ मध्ये संशोधकांनी मांडला. या बिया मासे मारायलाही वापरल्या जातात. ज्या गावाचं धरण उशाशी आहे तिथं या पुडीचं पाणी ओढ्यात सोडणं हा गुन्हाच समजावा. झाडाचं आहे म्हणून निरुपद्रवी, हा समज मला रासायनिक औषधाच्या अतिरेकाइतकाच घातक वाटतो. सीताफळाच्या बियांचा घरगुती लेप जनावराला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तंबाखूच्या पाण्याचंही तेच. निकोटिन गोचिडीच्या चेतापुंजावर चालतं, तसंच ते वासराच्या मेंदूवर चालतं, आणि जनावर अंग चाटतं.

मग वापरावं काय? राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं पारंपरिक पशुवैद्यकातून प्रसारात आणलेला एक फवारा आहे आणि त्यातला प्रत्येक जिन्नस पालीत मिळतो किंवा किराणा दुकानात असतो. लसणाच्या १० पाकळ्या, कडुनिंबाचा पाला एक मूठ, निंबोळ्या एक मूठ, वेखंड १० ग्रॅम, हळद २० ग्रॅम, घाणेरीचा पाला एक मूठ, तुळस एक मूठ. सगळं बारीक वाटायचं, त्यात एक लिटर पाणी घालायचं, फडक्यातून गाळायचं आणि जनावराच्या अंगावर तसंच गोठ्याच्या भेगांत, गव्हाणीखाली, दगडी भिंतीच्या सांध्यांत फवारायचं. आठवड्यातून एकदा, गोचिडी कमी होईपर्यंत. घाणेरी पोटात गेली तर गुरांच्या यकृताला घातक असते, म्हणून चोथा गव्हाणीजवळ टाकू नये, पुरावा. डोळे, कास आणि उघड्या जखमा टाळाव्यात.

"आठवड्यातून एकदा" हे शब्द लोक सहज गाळतात. ते गाळू नयेत. अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटित होतं. शिवाय जनावरावर दर काही दिवसांनी नवी पिल्लं चढत असतात आणि तीन आठवड्यांत ती अंड्यावर येतात. एका फवारणीत एका वयाच्या गोचिडी सापडतात, बाकीच्या सुटतात. भेगा तर त्याहून महत्त्वाच्या. एका वेळी जनावरावर दिसणाऱ्या गोचिडींपेक्षा कितीतरी जास्त जीव अंडी आणि पिल्लांच्या रूपात जमिनीवर असतात. नुसती गाय धुऊन त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. निंबोळी जून-जुलैत पिकून पडते, म्हणजे नेमकी गोचिडी वाढायच्या वेळी. तेव्हाच ती वेचून, गर धुऊन, सावलीत कडकडीत वाळवून ठेवावी. ओलसर राहिलेल्या निंबोळीला बुरशी येते. कपाशीसाठी पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क करणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही.

झाडाझाडात, हंगामाहंगामात द्रव्याचं प्रमाण बदलतं, हा वनस्पतिजन्य औषधाचा खरा कमकुवतपणा आहे. आपल्या निंबोळीत दम आहे की नाही हे तपासायची एक रीत आहे आणि ती शास्त्रज्ञांचीच आहे. १९७३ साली ड्रमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केलेल्या चाचणीत फुगलेल्या माद्या औषधात बुडवतात आणि मुख्य मोजमाप मेलेल्या गोचिडींचं नव्हे, तर घातलेल्या अंड्यांच्या वजनाचं आणि त्यांतून निघालेल्या पिल्लांचं करतात. घरी हेच साध्या रूपात जमतं. हातमोजे घालून, चिमट्यानं, सारख्या आकाराच्या दहा फुगलेल्या गोचिडी गोळा करा. पाच गाळलेल्या अर्कात दोन मिनिटं बुडवा, पाच साध्या पाण्यात. कागदावर कोरड्या करून दोन वेगळ्या काचेच्या बाटल्यांत ठेवा, तोंडाला घट्ट विणीचं फडकं बांधा आणि बाटल्या ओलसर, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. तीन-चार दिवसांनी पाण्यातल्या माद्यांसमोर तपकिरी, चकचकीत अंड्यांचा ढीग साचायला लागेल. प्रत्येक अंडं बाहेर येताना मादीच्या तोंडावरचा एक खास अवयव त्याला मेणाचा लेप देतो, म्हणून ती चकाकतात; लेप नीट बसला नाही तर अंडं सुकून चपटं होतं. अर्कातल्या माद्यांचा ढीग लहान आहे का, अंडी सुरकुतली आहेत का, ते बघा. दोन आठवड्यांच्या आत, पिल्लं निघण्याआधी, दोन्ही बाटल्यांत उकळतं पाणी ओता. गोचीड नखानं किंवा बोटांनी चिरडू नका. क्रिमियन-काँगो तापासारखे काही रोग तिच्या आतल्या द्रवातून माणसाला होऊ शकतात.

ढिगांत फरक दिसला तर तो अर्क फवारा. नाही दिसला तर निंबोळी बदला, नाहीतर पशुवैद्याला विचारून दुसरं औषध निवडा. आणि जनावराला कडक ताप असेल, लघवी लाल होत असेल, मानेजवळच्या किंवा मागच्या पायावरच्या गाठी सुजल्या असतील, तर परजीवी रक्तात पोचलेला आहे. तिथं गोचिडीवरचा कोणताही फवारा, झाडाचा असो की दुकानातला, उपयोगाचा नाही. त्याच दिवशी जनावर दवाखान्यात दाखवा.